राखी कोंबड्यांची वाटणी

शेताची वाटणी दोरी धरून झाली. भांडी झाली, विहिरीवरच्या मोटारीच्या पाळ्या ठरल्या, घरात शिडी एकच होती तिचंही कसंबसं जमलं. सगळं अडलं ते कोंबड्यांपाशी.

अंगणात ऊन नुसतं ओतलेलं. माती इतकी तापली होती की कोंबड्या आळीपाळीनं एकेक पाय उचलून उभ्या होत्या. दोघे भाऊ पायरीवर सावली धरून बसले होते. थोरला बोलून बोलून थकला होता, आणि धाकटा मुळातच न बोलणारा. तो गवंडीकाम करायचा. दिवसभर विटांची संगत, त्यामुळं माणसांत बसायची वेळ आली की ओळंबा सोडल्यासारखी मान खाली. म्हणून खरी वाटणी चालली होती ती दोघी जावांमध्ये. थोरली दारात कमरेवर हात देऊन उभी, धाकटी खुराड्याशी उकिडवी बसलेली.

"राखी माझ्या," थोरली म्हणाली. "सगळ्या. कोंबडा धरून."

"जाऊबाई, निम्म्या तरी द्या. एवढी वर्षं त्यांचं सगळं मीच करत आले."

"केलंस म्हणजे काय उपकार केलेस? आम्ही शेतात राबत होतो तेव्हा तू दाणे टाकत होतीस, एवढंच ना?"

धाकटीनं पुढं येऊन राखी कोंबड्याला उचललं. देखणा गडी होता. पाऊस भरून आलेल्या आभाळाच्या रंगाचं अंग, मानेवर जरा गडद झाक, तुरा लालभडक. तिनं त्याला छातीशी धरलं.

"बरं, कोंबड्या ठेवा तुम्ही. हा एकटा तेवढा मला द्या. लहानाचा मोठा केलाय मी याला."

आणि तिनं बाहीनं डोळे पुसले.

थोरलीला तेवढंच पुरलं. समोरची रडली की वस्तू किमती आहे, असा तिचा सरळ हिशेब. "कोंबडा तर मुळीच नाही. तू मागच्या खुराड्यातला काळा घे. आणि त्या डाग पडलेल्या पांढऱ्या. तुझ्याकडं त्याच शोभतील. ज्या हातानं म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवलं, त्या हातात असलं पाखरू कशाला हवं?"

गवंड्यानं मान आणखी खाली घातली. थोरला उगाच खाकरला. धाकटीनं कोंबडा खाली ठेवला आणि घराला वळसा घालून मागं गेली. मागच्या खुराड्यात काळा कोंबडा धुळीत अंग घुसळत होता, भोवती चार पांढुरक्या कोंबड्या, अंगावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे-करडे डाग. बघायला कळकट. धाकटीनं खुराड्याची कडी लावली, पाठ भिंतीला टेकली, आणि इतका वेळ दाबून धरलेला श्वास सोडला. तिला जे हवं होतं तेच तिच्या पदरात पडलं होतं.

ते कसं, हे कळायला सासूकडं जायला हवं.

या राखी कोंबड्या म्हणजे सासूची हौस. सासूकडची पिल्लं सगळीच्या सगळी राखी निघायची, आणि आसपासच्या कुणालाही ते जमलं नव्हतं. लोक राखी जोडी विकत न्यायचे, अंडी बसवायचे, आणि टरफलातून बाहेर यायची ती भलतीच मिसळ. सासूला विचारलं की ती म्हणायची, "हाताचा गुण असतो एकेकीच्या." थोरली खुराड्याच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही, विष्ठेच्या वासानं तिला मळमळायचं. धाकटी मात्र रोज सासूबरोबर खुराडं झाडायची, आणि एके दिवशी झाडता झाडता म्हातारीनं तिला सांगून टाकलं.

"प्रत्येक पाखराच्या पोटात रंगाच्या दोन पुड्या असतात बघ. काळ्याच्या पोटात दोन्ही काळ्या. त्या डागाळलेल्या पांढऱ्यांच्या पोटात दोन्ही पांढऱ्या. आणि राखीच्या पोटात एक काळी, एक पांढरी. पिल्लाला आई एकच पुडी देते, बाप एकच देतो. आता सांग, काळा बाप आणि पांढरी आई असली तर?"

"एक काळी, एक पांढरी," धाकटी म्हणाली. "म्हणजे राखी."

"दर वेळी राखी. चुकायला जागाच नाही. आणि दोन्ही राखी असले तर?"

धाकटीनं खराटा भिंतीला लावून बोटांवर जुळवून बघितलं. कधी काळीवर काळी पडणार, कधी पांढरीवर पांढरी, कधी एकेक. म्हणजे चारातली दोन राखी, एक काळं, एक पांढरं. तेही नशिबानं सरळ पडलं तर.

"म्हणून राखीची अंडी खायला, आणि मागच्या खुराड्यातली बसवायला," सासू म्हणाली. "दोनतीन वर्षांनी एकदा राखीची बसवायची, काळे-पांढरे नवे मिळवायला. कुणाला बोलू नकोस. तो राखी कोंबडा पुढं ठेवलाय ना, तो लोकांनी बघायला."

त्याच सासूचं शेवटचं दुखणं धाकटीनं काढलं. म्हातारीच्या घशाखाली काही उतरेना. धाकटी पेज गाळून चमच्यानं भरवायची, त्यातली निम्मी ओठांवरून परत यायची. अंडं उकडून, कुस्करून, पातळ करून बघितलं, तेही नाही. म्हातारी वाळत वाळत गेली. आणि ती जाऊन घर धुऊन होतं न होतं तोच थोरली नळावर म्हणाली, "अंडी बाजारात जायची आणि म्हातारीच्या वाटीत नुसतं पाणी. आता काय बोलायचं."

तेवढं एक वाक्य. इस्त्रीवालीनं ते ऐकलं, शिंपिणीनं ऐकलं, पोस्टमनच्या बायकोनं ऐकलं. धाकटीकडची अंडी घ्यायला कुणी येईना. नळावर ती गेली की घागरी आपोआप पुढं सरकायच्या आणि बोलणं थांबायचं. ते सगळं तिनं सोसलं. पण एक दिवस जेवताना गवंडी ताटाकडं बघत म्हणाला, "आईला अंडं देत होतीस ना गं?" तेव्हा तिच्या हातातला घास हातातच राहिला. "देत होते," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. पण त्यानं विचारलं, ही गोष्ट काही पुसली गेली नाही. त्या दिवसापासून धाकटीच्या मनात थोरलीसाठी एक निखारा होता, आणि ती त्याला रोज फुंकर घालायची.

वाटणी झाली, मध्ये काट्याचं कुंपण पडलं. आणि लगोलग पाखरंवाला आला. हा दरवर्षी जाळीची गाडी घेऊन फिरायचा. शहरातल्या बागा-बंगल्यांना शोभेची पाखरं पुरवायचा, आणि राखी कोंबड्यांवर त्याचा फार जीव. थोरलीनं त्याला अंगणात खुर्ची टाकली.

"या खेपेला किती मिळतील?" त्यानं विचारलं.

"गाडी भरून नेता येतील एवढ्या. आता सगळं माझ्याकडंच आहे."

"फक्त राखी हं. दुसरा रंग मी घेत नाही. बाईंना एकसारखा कळप हवाय, मी शब्द दिलाय त्यांना."

"मग माझाही शब्द घ्या."

तो रिकामे पिंजरे तिच्या पडवीत ठेवून गेला. थोरलीनं ते रस्त्यावरून दिसतील असे रचून ठेवले. कुंपणापलीकडून धाकटी बघत होती. एक शब्द बोलली असती तर थोरलीचं पुढचं सगळं वाचलं असतं. ती कांद्याच्या वाफ्याला पाणी लावायला निघून गेली.

थोरलीच्या कोंबड्या खुडूक झाल्या, तिनं अंडी बसवली, आणि पहिली पिल्लं निघाली त्या सकाळी तिचा आवाज कुंपण ओलांडून आला. टोपलीत निम्मी पिल्लं राखी, बाकीची कुठं काळी कुळकुळीत, कुठं मळकट पांढरी.

"तुझा काळा आलाय माझ्या कोंबड्यांत," ती कुंपणाशी येऊन म्हणाली. "त्याशिवाय काळी पिल्लं आली कुठून?"

काळा आला असता तर पांढरं एकही निघालं नसतं, हे धाकटीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "माझा कोंबडा कुंपण ओलांडत नाही, जाऊबाई."

"ओलांडतो. मी बघितलाय. त्याची मान मुरगाळ, नाहीतर मी मुरगाळते."

संध्याकाळी गवंडी घरी आला तेव्हा थोरल्यानं त्याला वाटेतच गाठलेलं होतं. हात धुताना तो म्हणाला, "अगं, कापून टाक तो काळा. एका कोंबड्यापायी रोजची कटकट कशाला?"

काळा गेला तर सगळंच गेलं. तसा दुसरा तिच्याकडं नव्हता. धाकटी थोडा वेळ चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली, आणि मग उठून सरळ थोरलीच्या दारात गेली.

"मारू नका," ती म्हणाली. "त्याला खुराड्यात कोंडते. कुलूप तुमचं लावा, किल्ली तुमच्याकडं ठेवा. पुढची पिल्लं निघेपर्यंत तो बाहेर दिसला तर खुशाल मारा."

"आणि मागच्या दारानं सोडशील."

"मागं दार कुठंय? अंडी काढायची बारी आहे, त्यातनं माझा हात जेमतेम जातो." मग जरा थांबून, आठवल्यासारखं करून ती म्हणाली, "त्या पांढऱ्याही त्याच्याबरोबर आत राहू देत. एकटा असला की दिवसभर ओरडेल, तुम्हालाच त्रास."

थोरलीनं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं. रोज सकाळी दात घासत ती येऊन ते कुलूप तपासायची, आणि आतून काळा तिच्याकडं एक डोळा करून बघायचा. धाकटी रोज बारीतून हात घालून अंडी काढायची, गार माठाशेजारी कापडात जपून ठेवायची, आणि माहेरून खुडूक कोंबडी मागून आणली की तिच्याखाली सारायची. कोंबडा कुठं भटकत नाही, दुसरा कोंबडा आत येत नाही. अशी राखण तिला स्वतःला कधी जमली नसती.

तिकडं थोरलीनं पहिल्या पिल्लांतली काळी-पांढरी वाढू लागताच निकालात काढली. काही पाहुण्यांच्या ताटात गेली, काही आठवडी बाजारात कुणी देईल त्या दरानं. राखी तेवढ्या ठेवल्या. कुंपणापलीकडं पिसांचा ढीग पडायचा, वाऱ्यानं काळी-पांढरी पिसं इकडं यायची, आणि धाकटी ती झाडून काढताना मनात म्हणायची, काप बाई, आणखी काप. हिला हव्या होत्या त्याच कोंबड्या ही रस्स्यात घालत होती. धाकटीला ते बघताना पोट भरल्यासारखं वाटायचं. नंतर रात्री तेच आठवून झोप लागायची नाही, हेही खरं. पण सकाळी उठली की ती आधी कुंपणाशीच जायची.

दुसऱ्या खेपेची पिल्लं निघाली. कुलूप जागच्या जागी, किल्ली थोरलीच्या कमरेला, आणि टोपलीत पुन्हा तीच मिसळ. त्याच सुमाराला धाकटीची पिल्लं अंगणात उतरली. एकजात राखी. वाळूवर धुराचा लोट सरकावा तशी आईमागं सरकत होती.

थोरली कुंपणाशी कितीतरी वेळ उभी होती. या वेळी ती ओरडली नाही.

"अंडी बदललीस तू," ती एवढंच म्हणाली, आणि तेही स्वतःलाच पटत नसल्यासारखं. तिच्याच खुराड्यापाशी तिचा नवरा खाट टाकून बसत होता, मांजरही आत गेलं नव्हतं.

पिल्लं भरून मोठी झाली तसा पाखरंवाला आला, तेव्हा सकाळची वेळ होती आणि रस्त्याला वर्दळ. त्यानं थोरलीच्या कोंबड्या बघितल्या. निम्मे पिंजरेही भरेनात. "बाई, मी पुढं शब्द देऊन बसलोय," तो म्हणाला. रागावला नाही, पण आवाज चार घरं ऐकतील असा. मग त्याची नजर कुंपणापलीकडं गेली. थोड्या वेळानं तेच पिंजरे, थोरलीनं रचून ठेवलेले, तो उचलून धाकटीच्या अंगणात नेत होता. थोरली दार लावून आत बसली.

धाकटीला वाटलं होतं, या दिवशी आपल्याला हसू येईल. तिनं एकेक कोंबडी पंखांशी धरून पिंजऱ्यात घातली, गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि निखारा होता तसाच होता.

दोनतीन दिवसांनी दुपारची थोरली मागच्या दारानं आली. हातात कुलपाची किल्ली. ती तिनं खुराड्यावर ठेवली.

"तुझा काळा सोड," ती म्हणाली. मग मातीत पायाचा अंगठा घुसवला. "सासूबाईंनी तुला काहीतरी सांगितलंय. मला सांग."

"सांगते," धाकटी म्हणाली. "पण आधी तुम्ही नळावर सांगायचं. जे तिथं बोललात ते खोटं होतं म्हणून. सगळ्यांसमोर."

थोरलीचा चेहरा उतरला. ती खुराड्याच्या कडेला टेकली. ज्या वासानं तिला मळमळायचं त्याच वासात बसली.

"मला त्या खोलीत येववत नव्हतं गं," ती म्हणाली. "दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. लोक विचारायचे, थोरली सून कुठंय, सगळं धाकटीच करते म्हणे. काय सांगू त्यांना? मग बोलून गेले. एकदा बोलल्यावर ते परत कसं घ्यायचं तेच कळेना."

धाकटीनं ऐकून घेतलं. तिला दया येईल असं थोरलीला वाटलं असावं. "हेच सांगा," धाकटी म्हणाली. "नळावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, घागरींची रांग लागली. धाकटी रांगेत शेवटी उभी राहिली. थोरली पुढं गेली आणि घागर न भरताच वळली.

"धाकटीनं म्हातारीला उपाशी ठेवलं असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते खरं नव्हतं. तिनंच सगळं केलं. मी खोलीत पायसुद्धा ठेवला नाही."

नळ वाहत होता. कुणाची तरी घागर भरून पाणी बाहेर सांडायला लागलं. धाकटीनं या क्षणाची किती वाट पाहिली होती. या बायका तोंडावर हात ठेवतील, थोरलीकडं वळून बघतील, कुणी तिला दोन शब्द सुनावेल.

इस्त्रीवालीनं घागर बाजूला घेतली. "अगं, ते माहीतच होतं की आम्हाला," ती म्हणाली.

"डॉक्टरच म्हणाले होते, तिला गिळता येत नाही म्हणून," पोस्टमनची बायको म्हणाली. "आमच्या ह्यांना तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी."

धाकटी रांग सोडून पुढं आली. "माहीत होतं?" ती म्हणाली. "मग माझ्याकडची अंडी का बंद केली?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. शिंपीण म्हणाली, "पहिल्यांदा कुणी बंद केली ते आठवतही नाही. सगळ्यांनी केली म्हणून आपणही. मग परत यायचं तर कुठल्या तोंडानं, असं झालं." आणि तिनं नळाखाली आपली घागर सरकवली. "जाऊ दे आता. झालं ते झालं."

घरी येताना दोघी जावा एकाच वाटेनं चालत होत्या, मध्ये एक घागर जाईल एवढं अंतर ठेवून. इतके महिने धाकटी ज्या एका बाईला मनात जाळत होती, ती बाई शेजारून खाली मान घालून चालत होती आणि अचानक लहान वाटत होती. आग मात्र कमी झाली नव्हती. तिला आता एक घर पुरत नव्हतं.

शब्द दिला होता, म्हणून खुराड्याशी बसून धाकटीनं जावेला दोन पुड्यांची गोष्ट सांगितली. काळ्यातल्या दोन्ही काळ्या, डागाळलेल्या पांढरीतल्या दोन्ही पांढऱ्या, राखीत एकेक. थोरली ओठ हलवत ऐकत होती. बोटं जुळवून झाली तशी तिची मान सावकाश वर आली.

"म्हणजे मी ज्या कापल्या..."

"त्याच हव्या होत्या."

"आणि कालच शेवटची पांढरी कापली मी. भाऊ आला होता म्हणून."

"बघितली मी पिसं."

"तू बघत होतीस सगळं."

"हो," धाकटी म्हणाली. "बघत होते."

थोरलीनं खुराड्यातल्या पांढऱ्या एकेक करून मोजल्या. "पुढच्या राखीच्या पिल्लांत निघतील पुन्हा," धाकटी शेवटी म्हणाली. "काळी-पांढरी ठेवा या वेळी." एवढं बोलून ती उठली. तेवढंच ती देऊ शकत होती.

त्या आठवड्यात वारा फिरला, ऊन जरा मऊ झालं आणि बायका धाकटीच्या अंगणात यायला लागल्या. आधी अंड्यांसाठी. मग, पाखरंवाल्यानं पिंजरे भरून नेलेले सगळ्यांनी बघितलेच होते, म्हणून पिल्लांसाठी. इस्त्रीवाली सर्वांत आधी आली. टोपली घेऊनच आली, आणि मधले सगळे महिने गोडीगुलाबीत गेल्यासारखी ऐसपैस बसली.

"मला जोडी दे बाई. घरचीच पैदास करते आता, पुढच्या वर्षी मीही त्या गाडीवाल्याला देईन. आणि हे बघ, नर-मादी दोन्ही राखीच दे हं. एकसारखी. म्हणजे पिल्लंही तशीच होतील."

धाकटीचा हात डालग्यावर थांबला. कुंपणापलीकडं थोरली दाणे टाकत होती, तिचाही हात थांबला. दोघींची नजरानजर झाली. थोरलीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. धाकटीला त्या बाईचं हसू वाटून घ्यायचं नव्हतं. त्या बाईला तिनं क्षमाही केली नव्हती. तरी तिच्या ओठांचा कोपरा हलला तो हललाच.

"देते की," ती म्हणाली. "अगदी एकसारखी देते. तुमच्या हाताचा गुण कसा आहे ते कळेल."

तिनं डालगं जरासं उचलून आत हात घातला, एक राखी कोंबडा आणि एक राखी कोंबडी पायांशी धरून टोपलीत ठेवली, आणि वर कापड नीट बांधून दिलं. इस्त्रीवाली उठली. तिच्यामागं शिंपीण उभी होती, तिच्यामागं पोस्टमनची बायको.

"तुम्हालाही राखीच ना?" धाकटीनं विचारलं.